कमी पळालेली गाडी: नगरच्या लुनाचा इतिहास आणि ती पुन्हा रस्त्यावर आणताना

ज्यांना कानाला हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.

आजचा विषय संगमनेरच्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. त्यानं विचारलं होतं, "दादा, जुनी स्पोर्ट्स कार, पण मीटरवर अगदी कमी किलोमीटर, अशी गाडी मिळाली तर ती नीट करून रोज वापरता येते का? की तिला फक्त पुसून ठेवायचं?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात दोन प्रश्न आहेत. पहिला मिस्त्रीचा आहे: जुनी, उभी राहिलेली गाडी पुन्हा रोजच्या कामाची कशी करायची? दुसरा इतिहासाचा आहे: वस्तू जपायची म्हणजे वापरायची, की वापर थांबवायचा? दुसऱ्याचं उत्तर सापडल्याशिवाय पहिल्यात पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

आता स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याकडे फार काही सापडत नाही. शेजारच्या गोव्यात 1990 च्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सनं 'स्टॉर्म' नावाची दोन सीटची, उघड्या छताची छोटी गाडी बनवली होती. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं 1.2 लिटरचं इंजिन. फार विकली गेली नाही, म्हणून आज दिसली तर लोक मान वळवून बघतात. पण आपला जिल्हा नगर. कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच. आणि नगरनं देशाला जी गाडी दिली ती स्पोर्ट्स कार नव्हती. ती होती लुना.

1972: दुष्काळ, स्कूटरची रांग आणि लुना

लुनाची गोष्ट फिरोदिया घराण्यापासून सुरू होते. हे घराणं नगरचं. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांचं नाव भारतातल्या ऑटोरिक्षाच्या सुरुवातीशी आणि बजाज टेम्पोशी जोडलेलं आहे. दुसरे चिरंजीव हस्तिमल, म्हणजे एच. के. फिरोदिया, यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली. नगर-दौंड रस्त्यावरचा कायनेटिकचा कारखाना नगरकरांना वेगळा सांगावा लागत नाही.

लुना बाजारात आली 1972 मध्ये. हे साल नीट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात तेव्हा भीषण दुष्काळ होता आणि नगर जिल्हा त्यात होरपळत होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'बाहत्तरचा दुष्काळ' एवढंच म्हणा, पुढचं ते सांगतील: खडी फोडायची कामं, मिलो, सुकडी. अशा काळात स्वतःची गाडी ही कल्पनाच चैनीची होती.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचीही अडचण होतीच. त्याच वर्षी बजाजची चेतक आली. पण परवान्यांच्या त्या राज्यात कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लग्नात स्कूटर देण्यासाठी मुलगी लहान असतानाच नंबर लावून ठेवला, असे किस्से घराघरात आहेत.

या दोन टोकांच्या मधे लुना शिरली. 50 सीसीचं इंजिन. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवर बेतलेला साचा. पेडल मारून चालू करायची, चढ आला की पेडलनं हातभार लावायचा आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखी घरी न्यायची. वजन इतकं कमी की जिन्याच्या दोन पायऱ्या चढवून ओसरीत लावता यायची. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला याहून मोठी जाहिरात कुठली? खरी जाहिरात नंतर आली. 80 च्या दशकातली, पियूष पांडे यांची. ती तुमच्या आईवडिलांना आजही तोंडपाठ असेल.

इतिहासाच्या पुस्तकात गाड्यांच्या गोष्टी कारखान्याच्या गेटपर्यंत येऊन थांबतात. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लुनावर कोण बसलं? दूधवाला, पेपरवाला, पोस्टातला कारकून, विम्याचा एजंट. आणि बायका. स्कूटरला किक मारणं, गिअर टाकणं, तिचं वजन सांभाळणं हे 'पुरुषांचं काम' मानलं जायचं. लुना सायकलची बहीण होती. जिला सायकल येत होती तिला लुना यायची. नोकरी करणाऱ्या बाईला एसटीच्या वेळापत्रकातून सोडवणारं पहिलं वाहन आपल्याकडे बऱ्याच गावांत हेच होतं.

आत्याची लुना

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. 1991 मध्ये तिची बदली पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी झाली. राहायची जागा आणि शाळा यांत आठ किलोमीटर. तिनं लुना घेतली. मीटरवर आकडा आहे 6,214. रोजचे सोळा किलोमीटर धरले तर हे साधारण पावणेदोन वर्षांच्या शाळेच्या फेऱ्यांचं अंतर होतं. मग तिची बदली नगर शहरात झाली, शाळा चालत जाण्याएवढी जवळ आली आणि लुना जिन्याखाली गेली. ती तिथंच तीस वर्षं राहिली.

आत्या गेल्यावर घरात चर्चा झाली. एका भावाचं म्हणणं, पुण्यातला एक कॅफेवाला शोभेसाठी चांगले पैसे देतोय, देऊन टाकू. भिंतीला टांगेल, लोक फोटो काढतील. काकूंचं म्हणणं, विकायची नाही, पण हातही लावायचा नाही, आहे तशी काचेत ठेवा. मी म्हटलं, चालती करू. कारण आत्याची आठवण त्या पत्र्यात नाही, ती त्या आठ किलोमीटरमध्ये आहे. शेवटी काकूंनी एक अट घातली: रंग बदलायचा नाही. ती अट मला मान्य होती, आणि पुढे कळलं की ती अट शहाणपणाची होती.

उभी राहिलेली गाडी बसते

आता मिस्त्रीच्या प्रश्नाकडे येऊ. 'फक्त सहा हजार पळालेली' हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं. अनुभवी मिस्त्री मात्र विचारतो, "उभी किती वर्षं होती?" कारण गाडी चालल्यानं झिजते, पण उभी राहिल्यानं सडते.

सगळ्यात आधी पेट्रोल. टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, तेच बुजलं की इंजिनाला खायला मिळत नाही. टाकीला आतून गंज चढतो तो वेगळाच.

मग रबर. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात. ही छोटी रबरं फार महत्त्वाची आहेत, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर ढकललं जातं. सील वाळून तडकले की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल आणि ऑइल कमी. इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. म्हणजे गाडी पहिल्या दिवशी मस्त चालू होईल, आवाजही गोड येईल आणि दहाव्या किलोमीटरवर अडकेल. म्हणून उभी राहिलेली टू-स्ट्रोक 'चालू झाली' यावर कधीच समाधान मानू नका. सील आधी बदला.

टायर. नक्षी नवीकोरी दिसली तरी टायरचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर जातं. कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. ज्या टायरवर अशी चार आकड्यांची तारीखच नाही, तो बहुधा 2000 च्या आधीचा. तो शोकेसमध्ये ठेवा, रस्त्यावर नको.

चारचाकी असेल तर ब्रेक ऑइल बघा. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. लुनाला ती भानगड नाही. केबल आणि ब्रेक शू बदलले की काम झालं. इग्निशनचे सीबी पॉइंट घासून साफ केले, प्लग नवा टाकला, वायरिंग जिथं उंदरांनी खाल्लं होतं तिथं नवं ओढलं. काढलेला प्रत्येक जुना भाग मी एका डब्यात चिठ्ठी लावून ठेवला. उद्या कुणाला ती लुना मूळ रूपात हवी असेल, तर परतीचा रस्ता उघडा राहिला पाहिजे.

एक गंमत सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या लोणीला, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 1950 च्या सुमाराची ही गोष्ट. सहकाराचा तो पाया. आज उसापासून इथेनॉल बनतं आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते 20 टक्के मिसळतात. शेतकऱ्यासाठी चांगलं आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही. म्हणजे नगरच्या मळ्यातला ऊस नगरच्या लुनाचे पाइप खातो! यावर उपाय आहे. इथेनॉलला टिकणारा पाइप आणि सील टाका, टाकीत पेट्रोल थोडं आणि ताजं ठेवा, महिनाभर गाडी बाहेर काढणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा.

कायदा काय म्हणतो

इथं बरेच जण फसतात. 'विंटेज नंबर घेऊ' असं सहज म्हणतात. केंद्राचे विंटेज वाहनांचे नियम 2021 मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये. पण मुख्य अट ऐका: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

म्हणजे सरकारनंही तोच प्रश्न तुमच्यापुढे टाकलाय: जपणार की चालवणार? चालवायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा. 15 वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी लागतं. वर पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट 2025 पासून 2 हजार आणि कारची 10 हजार झाली आहे. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्यासाठी फॉर्म 31. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, तेव्हा पासिंगचा हिशेब आधी करा आणि मगच गॅरेजात जा.

कॉलेजच्या मुलांसाठी एक जास्तीची माहिती: 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स कायद्यानं सोळाव्या वर्षी मिळू शकतं. हेल्मेट मात्र तेव्हाही लागतंच.

मीटर आणि मोल

नगरला आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय आहे, 1994 पासूनचं. शाळेच्या सहलीत तुम्ही गेला असाल. तिथं रणगाड्यांच्या गर्दीत एक जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे. तिची चासी सिल्व्हर घोस्ट या प्रसिद्ध गाडीची. आता बघा, सिल्व्हर घोस्टला नाव कशामुळे मिळालं? 1907 मध्ये ती लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा पळवली गेली, जवळजवळ 15 हजार मैल. ती थकत नाही हे जगाला दिसलं, म्हणून ती मोठी झाली. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मोटारींपैकी एक मोटार 'कमी पळालेली' म्हणून नावाजली गेली नाही.

संग्रहालयातली गाडी उभी राहणं बरोबर आहे. तिचं काम आता साक्ष देण्याचं आहे, आणि तशा फार थोड्या उरल्या आहेत. पण लुना लाखांनी रस्त्यावर होत्या. तिचा इतिहास शाळेच्या फेरीत, दुधाच्या कॅनमध्ये, बाजारच्या पिशवीत आहे. ती भिंतीला टांगली की तिचा आकार उरतो आणि अर्थ जातो.

मूळ लुना 2000 च्या सुमारास बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये हेच नाव घेऊन विजेवरची ई-लुना आली आणि तिच्या चासीचं काम नगरच्या कारखान्यात सुरू झालं. नाव पुन्हा कामाला लागलं.

तर संगमनेरच्या मित्रा, तुझं उत्तर. गाडी घे, पण कमी मीटरसाठी जास्त पैसे देऊ नकोस. मीटरची केबल काढून ठेवता येते. पेडलचं रबर, सीटची झीज आणि सर्व्हिसचे कागद मीटरपेक्षा खरं बोलतात. गाडीच्या किमतीएवढे पैसे रबर, ब्रेक, टायर आणि टाकीसाठी बाजूला ठेव. रंगाला शेवटी हात लाव, शक्यतो लावूच नकोस. खरचटा हा गाडीचा जबाब असतो. आणि एकदा चालू झाली की दर आठवड्याला बाहेर काढ.

काकू आता आमच्या लुनाला 'मास्तरीण' म्हणतात. दर रविवारी ती भाजी आणायला जाते. मीटर 6,900 च्या पुढे गेलंय.

तुमच्या घरी जिन्याखाली काय उभं आहे? घरातल्या मोठ्यांना ती गाडी कुणी, कधी, कशासाठी घेतली ते विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकू. तोवर नमस्कार!