दिवाडीचा बांध कोणाचा?

जुन्या गोव्यासमोर मांडवी फाटते आणि काही बेटांना वेढा घालून पुन्हा समुद्राची वाट धरते. त्यांतले एक बेट दिवाडी. मधोमध जांभ्याची टेकडी, तिच्या माथ्यावर पिएदादचे चर्च, उतारावर घरे, आणि खाली चहूकडे पसरलेली सपाट शेती. ही सपाटी निसर्गाने दिलेली नाही. समुद्र इथून लांब असला तरी भरती नदीतून रोज दोनदा वर चढते, आणि भरतीच्या पाण्याची पातळी या शेतांहून उंच असते. मधे बांध आहे म्हणून शेत आहे. बांध नसता तर दिवाडी म्हणजे चिखलाने वेढलेली एक टेकडी उरली असती. गोव्यात अशा जमिनीला खाजन म्हणतात. दिवाडीच्या गावकारभाराचा इतिहास सहसा मंदिर, चर्च आणि पंचायत या क्रमाने सांगितला जातो. माझ्या मते तो बांधापासून सांगायला हवा. इथली ग्रामसंस्था बांधासाठी उभी राहिली, बांधाच्या जोरावर टिकली, आणि बांधाचा खर्च व शेताचा लाभ यांची फारकत झाली तेव्हा मोडली.

खाजनाचा बांध चिखल, पेंढा, खारफुटीच्या फांद्या आणि जांभा दगड यांचा. त्यात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारे दार. त्याच्या लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून रेटले की त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी रेटू लागले की उघडतात. पावसाळ्यात पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि कोरगुट हे खार सोसणारे भात उभे राहते. कापणीनंतर खारे पाणी बेताने आत घेतात. त्याबरोबर मासळी आणि कोळंबी येते. मानशीवर जाळे लावायचा हक्क लिलावाने दिला जातो, गोव्यात त्याला पावणी म्हणतात. या सगळ्याची गोम अशी, की बांध एका जागी फुटला तरी पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. पाण्याला कुणाची मेर कळत नाही. त्यामुळे एकट्याने खाजन कसणे शक्यच नव्हते. जमीन सामाईक ठेवण्यामागे कुणाचे उदात्त तत्त्वज्ञान असो वा नसो, भरतीची सक्ती नक्की होती.

याला लेखी पुरावा आहे. दिवाडी ज्यात मोडते ती तिसवाडी पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतली आणि १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिथल्या गावकऱ्यांच्या रूढींची सनद तयार केली. ओसाड बेटावर चार माणसे आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली आणि त्यांचेच वंशज गावकार झाले, अशी परंपरा तिच्या आरंभीच नोंदवली आहे. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. गावकार आपला हक्क कशावर सांगत होते ते महत्त्वाचे. तो तलवारीवर नव्हता, राजाच्या दानावरही नव्हता, जमीन पाण्यातून काढल्यावर होता. सरकारी देणे गावावर एकत्रित बसे आणि तूट आली तर गावकारांना ती भरून द्यावी लागे. उत्पन्नातून आधी सारा आणि गावाचे सामाईक खर्च भागवायचे, मग उरलेले गावकारांत जोण म्हणून वाटायचे. बांध खचला की जोण घटायची. कुणालाही उपदेश न करता देखभाल होण्यासाठी याहून चांगली तजवीज सुचणे अवघड.

या व्यवस्थेवर धर्मांतराचा घाला पडला. नार्वेचा सप्तकोटेश्वर, कदंबांचे कुलदैवत, याच बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली भागातल्या दुसऱ्या नार्वेत गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला, म्हणून मराठी वाचकाला हे नाव परके नाही. तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४० च्या दशकात ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवले गेले. बेटाची वाटणी पुढे पॅरिशांत, म्हणजे चर्चच्या हद्दींत, झाली, मुख्यतः पिएदाद आणि सां मातियश. देव बदलला, सण बदलले, नावे बदलली. तरीही गोलती, नावेली, मालार-नार्वे इथल्या गावकऱ्या, म्हणजे गावकारांच्या ग्रामसंस्था, कोमुनिदाद या नावाने चालूच राहिल्या. नव्या राजवटीने इतके काही उलथवले, पण ही संस्था बुडवली नाही, कारण ती बुडवली असती तर साराही खाऱ्या पाण्यात गेला असता. पॅरिशने माणसांची हद्द आखली. पाण्याची हद्द गावकरीकडेच राहिली. हद्दीची भांडणे इथे किती जिव्हाळ्याची होती ते ऑगस्टमधल्या बोंदेरां उत्सवात दिसते. वाड्यांच्या सीमा दाखवायला रोवलेली निशाणे विरोधी वाड्याचे लोक दगड मारून पाडत, अशी त्यामागची आठवण सांगतात.

इथे रास्त आक्षेप येतो. गावकरी म्हणजे काही लोकशाही नव्हती. हक्क ठरावीक घराण्यांच्या पुरुषांचा. बायका बाहेर, आणि प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध घालणारी कुळे आणि मजूरही बाहेर. शिवाय तिची स्वायत्तता १९६१ च्या गोवामुक्तीच्या कितीतरी आधी आटली होती: पोर्तुगीज सरकारचा प्रशासक डोक्यावर, १९०४ आणि १९३३ च्या संहितांचे जाळे भोवती. हे सगळे मान्य. १९६४ चा कूळ कायदा आणि कसेल त्याची जमीन करणारी १९७६ ची दुरुस्ती यांत न्याय होता, आणि गावकरीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी (असे बरेच भेटतात, आणि बहुतेक गावकारांच्याच घरचे असतात) तो नाकारू नये. पण हक्क जितक्या स्पष्टपणे हस्तांतरित झाला, तितक्या स्पष्टपणे भार झाला नाही. १९७५ च्या नियमांनी कूळ संघ आले, बांधाची सामूहिक जबाबदारी त्यांच्यावर कागदोपत्री आली. गावकरीकडे होते तसे इतर उत्पन्न मात्र या संघांकडे नव्हते. हाती मुख्यतः राहिली ती मानशीची पावणी. मग मासळीचा पैसा भातापेक्षा जड झाला, आणि दार मिटण्यापेक्षा उघडे ठेवण्यात कुणाचा तरी फायदा दिसू लागला. कोळंबीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी गोव्यात नव्या नाहीत.

कुणी म्हणेल, दोष कायद्याचा नाही. भात परवडत नाही, मुले आखातात, इंग्लंडात गेली, आणि मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध खचले. ही कारणे खरी आहेत. पण लाटा आल्या म्हणून बांध पडतो असे नाही. तो आधीही दर पावसाळ्यात थोडाफार पडतच असे. दुसऱ्या दिवशी तो उचलायला कोण जातो, यावर शेताचे भवितव्य ठरते. १९६२ नंतर आलेली पंचायत घराचा कर घेते, रस्ता करते, परवाने देते. दिवाडीवरच्या एका पंचायतीचे नावच सां मातियश आहे, म्हणजे चर्चची हद्द सरकारी कारभारात शिरली. बांध मात्र तिच्या रोजच्या कामात बसत नाही. त्यासाठी कृषी खात्याच्या मृद्संधारण विभागाकडे अर्ज जातो. शेत पडीक राहिले की त्यात खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने पुढे बांध दुरुस्त करायचा म्हटले तरी ती हटवायला परवानगी लागते. २०११ च्या किनारपट्टी अधिसूचनेने खाजन जमिनी राखण्याची तरतूद केली खरी. पण गोव्यातल्या खाजनांचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर धरले जाते, आणि एवढे बांध अधिसूचनेने उभे राहत नाहीत. त्याला पावणीचा पैसा आधी बांधावर खर्च करायला भाग पाडणारी, आणि न केल्यास भागधारकांच्या खिशाला चाट लावणारी गावपातळीची संस्था लागते. ती जुन्या गावकारांची असण्याचे कारण नाही. कूळ, मजूर, मासळी धरणारा आणि बेटावर घर असलेली बाई, सगळे तिच्यात बसू शकतात. अट एवढीच, की पीक घेणाऱ्याने बांधाचा हिशेब आधी चुकता करावा.