बारा राष्ट्रांची वर्गणी

सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना त्यातील मुख्य अडचण सांगावयास नको. वर्गणीदार नेहमी दोन प्रश्न विचारतो: माझ्या वाट्याला किती, आणि त्याचे मला काय मिळणार? आता वर्गणीदार व्यक्ती नसून राष्ट्रे आहेत, ती कालपरवापर्यंत एकमेकांच्या शहरांवर बाँब टाकीत होती, आणि ज्या कार्यासाठी पैसा मागावयाचा त्यातून व्यवहारोपयोगी असे काही निघेल याची हमी कोणीच देत नाही, अशी कल्पना करा. अशी वर्गणी जमली, आणि सत्तर वर्षे जमत राहिली. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ ह्या प्रयोगशाळेचा इतिहास म्हणजे मुख्यतः ह्या वर्गणीचा इतिहास होय. तेथील शोधांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. त्या शोधांमागील हिशेबाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा पदार्थविज्ञानाचे माहेरघर युरोपातून अमेरिकेत गेलेले होते. अणूच्या अंतरंगाचा शोध घेण्यासाठी कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रे लागू लागली होती, आणि तशी यंत्रे उभारणे कर्जबाजारी झालेल्या युरोपातील कोणत्याही एका राष्ट्राच्या आवाक्यातील गोष्ट राहिली नव्हती. अमेरिकेत नऊ विद्यापीठांनी एकत्र येऊन ब्रूकहेवन येथे मोठी प्रयोगशाळा चालविली होती. डिसेंबर १९४९ मध्ये लोझान येथे भरलेल्या युरोपीय संस्कृतिपरिषदेत लुई द ब्रॉय ह्यांचा संदेश वाचून दाखविण्यात आला. एकेकट्या राष्ट्राला न पेलणारे काम अनेकांनी मिळून करावे असा त्याचा आशय होता. पुढील वर्षी जूनमध्ये फ्लॉरेन्सच्या युनेस्को परिषदेत अमेरिकन शास्त्रज्ञ इसिडोर राबी ह्यांनी प्रादेशिक प्रयोगशाळांना युनेस्कोने साहाय्य करावे असा ठराव मांडला आणि तो संमत झाला. ह्या बीजाचे रोप करण्याचे श्रम मुख्यतः फ्रान्सचे पिएर ओझे आणि इटलीचे एदोआर्दो आमाल्दी ह्यांनी उचलले.

सर्वांनाच ही कल्पना रुचली असे मात्र नाही. खुद्द नील्स बोर ह्यांना एवढ्या मोठ्या यंत्राचा घाट घालण्यापेक्षा चालू संस्थांचा, विशेषतः कोपनहेगनचा, उपयोग करून घ्यावा असे वाटे. हा विरोध क्षुद्र नव्हता. सारा पैसा एका यंत्रात ओतला तर लहान प्रयोगशाळांनी काय करावयाचे, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. अखेर तडजोड झाली: यंत्र जिनीव्हास आणि सैद्धांतिक विभाग कोपनहेगनला. हा विभाग १९५७ पर्यंत तेथे होता.

फेब्रुवारी १९५२ मध्ये अकरा राष्ट्रांनी तात्पुरत्या मंडळाच्या करारावर सह्या केल्या. ह्या मंडळाच्या फ्रेंच नावातील आद्याक्षरांवरूनच ‘सर्न’ हे नाव रूढ झाले. १९५३ च्या जुलैत कायम करार झाला तेव्हा बारा राष्ट्रे होती. ह्या करारातील वर्गणीचे कलम मुळातून समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक राष्ट्राने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने द्यावे. परंतु कोणावरही एकूण रकमेच्या चौथाईहून अधिक भार पडू नये. मत मात्र प्रत्येकाला एकच. त्यानुसार ब्रिटन व फ्रान्स ह्यांच्या वाट्याला प्रत्येकी २३.८४ टक्के आले, पश्चिम जर्मनीच्या १७.७० आणि ग्रीसच्या ०.९७ टक्के. ज्याने जास्त पैसा दिला त्याचा शब्द जास्त चालावा ही जगाची रीत येथे हेतुपुरस्सर मोडली होती. दुसरे एक कलम त्याहूनही महत्त्वाचे ठरले. लष्करी कामाशी संस्थेचा संबंध असणार नाही, आणि जे निष्कर्ष निघतील ते सर्वांसाठी खुले राहतील, असे त्यात होते. गुपितच नसेल तर ते कोणी चोरील ही भीतीही उरत नाही. म्हणूनच आठ वर्षांपूर्वीचे शत्रू एका मेजाशी बसू शकले.

परंतु सरकारांनी सह्या केल्या म्हणून लोकांनी होकार दिला असे होत नाही. जिनीव्हात कम्युनिस्टांनी ह्या प्रयोगशाळेविरुद्ध मोहीम उघडली. अणूचे नाव घेताच हिरोशिमा आठवावे असा तो काळ होता. जून १९५३ मध्ये तेथील नागरिकांचा कौल घेण्यात आला. १६,५३९ मते प्रयोगशाळेच्या बाजूने आणि ७,३३२ विरुद्ध पडली. एखाद्या शुद्ध संशोधनसंस्थेसाठी सामान्य मतदाराला विचारावे, आणि त्याने समजून-उमजून ‘हो’ म्हणावे, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात थोडेच आहेत.

दरम्यान ऑगस्ट १९५२ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांची एक तुकडी ब्रूकहेवनला गेली होती. कणांचा झोत बारीक व आटोपशीर ठेवण्याची एक नवी युक्ती तेथील शास्त्रज्ञांना नुकतीच सुचली होती, आणि त्यांनी ती पाहुण्यांपुढे मोकळेपणाने मांडली. तिच्यामुळे लोहचुंबकांचा आकार पुष्कळ कमी होणार होता. तोवर १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या यंत्राचा बेत होता. तेवढ्याच पैशात आता त्याच्या अडीचपट शक्तीचे यंत्र होण्याजोगे होते. तथापि ही युक्ती कोणी मोठ्या प्रमाणावर अजमावलेली नव्हती. तरीही मंडळाने ते धाडस पत्करले. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी ६२८ मीटर परिघाचे ते यंत्र २४ अब्जांपर्यंत पोचले. रशियातील दुब्ना येथील १० अब्जांचा विक्रम मोडला तर पिण्यासाठी म्हणून जॉन अ‍ॅडम्स ह्यांना तेथील मंडळींनी व्होडकाची बाटली दिली होती. ती रिकामी करून, आत विक्रमाचे छायाचित्र घालून परत धाडण्याची व्यवस्था झाली. शीतयुद्धातल्या इतर देवघेवींशी ताडून पाहता ही बरीच सभ्य म्हणावी लागेल.

वर्गणीची कसोटी मात्र वाईट दिवसांत लागते. १९६१ मध्ये युगोस्लाव्हियाने पैशाच्या ओढीमुळे अंग काढून घेतले. १९६९ मध्ये स्पेन गेला. १९६८ मध्ये ब्रिटनने ३०० अब्जांच्या नव्या यंत्रात भाग घेण्यास नकार दिला. भरीस भर म्हणून ते यंत्र आपल्याच भूमीवर व्हावे अशी चढाओढ अनेक राष्ट्रांत लागली. ह्यातून अ‍ॅडम्स ह्यांनी वाट काढली: नवी जागा नकोच, जुन्या प्रयोगशाळेच्या शेजारी भुयार खणावे, म्हणजे खर्चही वाचेल आणि भांडणही. ब्रिटन परतले, १९७१ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९७६ मध्ये सात किलोमीटर घेराचे यंत्र चालू झाले. १९८३ मध्ये त्याच यंत्रावर डब्ल्यू आणि झेड हे कण सापडले.

ह्याच काळातल्या युराटॉमची हकीकत शेजारी ठेवली म्हणजे फरक ध्यानात येतो. १९५८ मध्ये सहा राष्ट्रांनी अणुशक्तीच्या संशोधनासाठी ती संस्था काढली. परंतु तेथील विषय कारखानदारीचा होता. प्रत्येकाला आपल्या अणुभट्ट्यांचा धंदा पुढे यावा असे वाटे, आणि दिलेला प्रत्येक फ्रँक आपल्याच देशात परत यावा असा आग्रह धरला जाई. साठीच्या अखेरीस तिची पंचवार्षिक योजना मोडकळीस येऊन वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकावर दिवस काढण्याची पाळी आली. ह्यावरून राष्ट्रांना उदार बनविता येते असा निष्कर्ष मी काढणार नाही. सर्नमधील राष्ट्रेही आपल्या कंत्राटदारांची काळजी वाहतातच. मात्र जेथे फळ वाटून घेता येत नाही तेथे त्यावरून भांडताही येत नाही, एवढे खरे. १९९३ च्या एप्रिलमध्ये टिम बर्नर्स-ली ह्यांच्या जागतिक संगणकजालाची आज्ञावली सर्नने सर्वांस विनामूल्य खुली केली. वर्गणी देणाऱ्यांपैकी कोणी हे फळ मागितले नव्हते. मिळाले ते साऱ्या जगाला.

आपला संबंधही येथे येतो. १९९१ मध्ये भारताने सर्नशी सहकार्याचा करार केला. १९९६ नंतर सत्तावीस किलोमीटर घेराच्या यंत्रासाठी आपल्याकडून चुंबक आणि त्यांना तोलून धरणारे आधार गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ तेथील प्रयोगांत आहेत, आणि २०१२ मध्ये हिग्ज कण सापडला त्या कार्यात भारतीयांचा वाटा होता. जानेवारी २०१७ पासून भारत सहयोगी सभासद आहे: तो वर्गणी देतो, पण मंडळात त्याला मत नाही. पूर्ण सभासद व्हावे की नाही, हा पैशाचा प्रश्न तर आहेच. परंतु ज्या कामाचा लाभ आपल्याच दारी येईल अशी खात्री नाही, त्यासाठी करदात्याचा पैसा द्यावा काय, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. १९५३ मध्ये जिनीव्हाच्या नागरिकांनी त्याचे उत्तर मतपेटीत टाकले. आपल्याकडे हा प्रश्न अजून मंत्रालयांच्या फायलींबाहेर फारसा आलेला नाही. तो लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. कारण वर्गणी अखेर लोकांचीच असते.

युगोस्लाव्हिया हे राष्ट्र आज नकाशावर नाही. पण त्यातून निघालेला सर्बिया २०१९ मध्ये आणि स्लोव्हेनिया २०२५ मध्ये सर्नचे पूर्ण सभासद झाले. राष्ट्र मोडले, सीमा बदलल्या, तरी वर्गणीची वही चालू राहिली.