गोवळकोंडा : टाळी आणि खिडकी

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आपण हैदराबादकर मंडळी त्यांना चारमिनार, सालारजंग आणि गोवळकोंडा दाखवतो. गोवळकोंड्यावर दरवाज्यात टाळी वाजवायची, वर ती ऐकू आली म्हणून नवल करायचे, पायऱ्या चढून फोटो काढायचे आणि उतरायचे. मीही वर्षानुवर्षे हेच केले. गेल्या दिवाळीत सोलापूरचा पुतण्या सोबत होता. टाळीचा खेळ झाल्यावर त्याने विचारले, "काका, शत्रू आल्याचं वरपर्यंत कळत होतं, तर मग किल्ला पडला कसा?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर थोडे वाचले, पुन्हा दोनदा किल्ला चढलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

तेलुगूत 'गोल्ल' म्हणजे गवळी-धनगर आणि 'कोंडा' म्हणजे टेकडी. काकतीयांच्या काळात या ग्रॅनाइटच्या टेकडीवर साधा मातीचा कोट होता. चौदाव्या शतकात तो बहामनींकडे गेला. बहामनी राज्य मोडकळीस आल्यावर सुलतान कुलीने इथे कुतुबशाहीचा पाया घातला. आज दिसणारा दगडी किल्ला मुख्यतः त्याच्या व त्याचा मुलगा इब्राहिम याच्या काळातला आहे. १५९१ मध्ये मुहम्मद कुलीने मुसीकाठी हैदराबाद वसवले आणि दरबार तिकडे सरकला. तरी संकटकाळी आसरा होता तो गोवळकोंड्याचाच. हिऱ्यांसाठी हे नाव जगभर झाले, पण हिऱ्यांच्या खाणी इथे नव्हत्या; त्या दूर कृष्णेच्या खोऱ्यात होत्या. इथे होता तो बाजार.

बाहेरच्या तटाला ८७ बुरूज आणि आठ दरवाजे. दरवाज्यांच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे आहेत. आतल्या बालाहिसार दरवाज्यासमोर एक आडवी भिंत उभी आहे. तिच्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच उरत नाही. याच दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की सुमारे १२० मीटर उंच माथ्यावरच्या बारादरीत ती ऐकू येते. घुमटाच्या रचनेमुळे आवाज पसरून विरत नाही, वरच्या दिशेला जातो. पाहुण्यांना ती गंमत वाटते, पण तिचा उपयोग पहाऱ्यासाठी होता.

पाण्याची सोयही पाहण्यासारखी आहे. रहाटांनी पाणी एका हौदातून वरच्या हौदात असे टप्प्याटप्प्याने चढवत. तिथून ते भाजलेल्या मातीच्या नळांतून महालांत आणि बागांत फिरे. भिंतींतले ते नळ अजूनही काही ठिकाणी दिसतात.

चढताना वाटेत रामदासांची कोठडी लागते. आपले पाहुणे हमखास समर्थांचे नाव घेतात. हे रामदास म्हणजे भद्राचलमचे गोपन्ना, अक्कण्णा-मादण्णांचे भाचे. सरकारी वसुलीच्या पैशातून राममंदिर बांधल्याबद्दल त्यांना इथे कैदेत टाकले होते. तेलुगू घरांत त्यांची कीर्तने आजही गायली जातात.

दुसरी गल्लतही नेहमीची. शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघाले, तेव्हा अबुल हसन कुतुबशहाची आणि त्यांची भेट भागानगरात, म्हणजे हैदराबाद शहरात झाली. 'याच पायऱ्यांवरून महाराज चढले' असे सांगणाऱ्या वाटाड्यावर विश्वास ठेवू नये. मादण्णा पंडितांच्या पुढाकाराने तह झाला, कुतुबशहाने पैसा व फौज देऊ केली आणि महाराज श्रीशैलमार्गे जिंजीकडे गेले. दक्षिणेतल्या सत्तांनी मोगलांविरुद्ध एकत्र यावे, हा त्यामागचा विचार.

तो विचार औरंगजेबाच्याही ध्यानात होता. १६८६ मध्ये विजापूर पडले. त्याच वर्षी अक्कण्णा-मादण्णांची हत्या झाली. १६८७ च्या आरंभी मोगल फौज गोवळकोंड्याखाली येऊन बसली. वेढा सुमारे आठ महिने चालला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, ते उलटून त्यांचीच माणसे मेली. पावसाने नद्या भरल्या, छावणीत उपासमार झाली, रोगराई आली. तट मात्र फुटला नाही.

शेवटी सप्टेंबरमधल्या एका रात्री अब्दुल्लाखान पन्नी नावाच्या सरदाराने लाच घेऊन तटाची खिडकी, म्हणजे मोठ्या दरवाज्याशेजारचा छोटा चोरदरवाजा, आतून उघडून दिली. अब्दुर्रझाक लारी हा सरदार मात्र विकला गेला नाही. तो एकटा घोड्यावरून शत्रूवर तुटून पडला आणि अंगभर जखमा होऊन कोसळला. औरंगजेबानेही त्याच्या निष्ठेची कदर करून त्याच्यावर उपचार करवले. पकडायला आलेल्या सरदारांना अबुल हसनने शांतपणे सामोरे जाऊन जेवणाचे विचारले, असे इतिहासकार खाफीखान सांगतो.

पुढचा धागा थेट आपल्या मराठवाड्यात येतो. अबुल हसनला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तिथेच त्याचा अंत झाला आणि खुलताबादला त्याला दफन केले. गोवळकोंड्याशेजारच्या कुतुबशाही घुमटांत त्याचे थडगे नाही ते यामुळे. दोन वर्षांत, १६८९ मध्ये, छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. विजापूर आणि गोवळकोंडा उभे असते तर औरंगजेबाला सगळे बळ मराठ्यांवर लावता आले असते का, हा प्रश्न माथ्यावर उभे राहिले की मनात येतोच.

पुतण्याला मी फोनवर उत्तर सांगितले, "अरे, टाळी बाहेरच्या शत्रूसाठी होती. खिडकी आतल्या माणसाने उघडली." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, आता दौलताबाद बघायला जाऊ."

या उत्सवात पाहुणे येतील. त्यांना गोवळकोंडा जरूर दाखवा, टाळीही वाजवा. फक्त त्यानंतर त्यांना या खिडकीची गोष्टही सांगा.