चर्चमधील पुस्तकांचे कपाट आणि संगणकाची नोंदवही

रविवारची उपासना आटोपल्यानंतर अर्ध्या तासापुरते उघडणारे लोखंडी कपाट, त्यात पाच-सातशे पुस्तके, एक जाड दाखल नोंदवही आणि हौसेने काम पाहणारा मंडळीतील सभासद, असे अनेक छोट्या चर्च-ग्रंथालयांचे स्वरूप असते. या नोंदी संगणकावर आणण्याचे ठरले की पहिली चर्चा होते ती कोणती प्रणाली घ्यावी याची. वस्तुतः तो प्रश्न दुय्यम आहे. कपाटात प्रत्यक्ष काय आहे, हे आधी निश्चित करावे लागते.

मराठी चर्चच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीची जुनी आवृत्ती, पंडिता रमाबाईंनी केलेल्या आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबल भाषांतराची प्रत, किंवा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे बांधीव अंक अशा कपाटात असू शकतात. नोंद नसलेले असे पुस्तक रद्दीत गेले, तरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक हवा. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर क्रमांकही तीन. जुन्या नोंदवहीतील क्रमांक बदलू नयेत. नाहीतर पुस्तकावरील शिक्का आणि संगणक यांचा मेळ कायमचा तुटतो. नव्या पुस्तकांवरील आयएसबीएन टंकून किंवा स्कॅन करून बरीचशी माहिती आपोआप मिळते. मात्र ही क्रमांकपद्धती १९७० च्या सुमारास रूढ झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकांची शीर्षके, मुद्रणालये आणि वर्षे हातानेच भरावी लागतात. मुखपृष्ठ फाटले असल्यास आतील शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र नोंदीला जोडावे.

खरी कसोटी नावांची. ‘रेव्ह. ना. वा. टिळक’, ‘नारायण वामन टिळक’ आणि ‘टिळक, नारायण वामन’ हे संगणकाच्या लेखी तीन लेखक ठरतात. पदव्या आधी लिहिल्या की सगळे फादर ‘फ’खाली आणि सगळे रेव्हरंड ‘र’खाली जमा होतात! त्यामुळे आडनाव प्रथम, पदवी शेवटी किंवा नाहीच, असा नियम कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवावा. लिपीचा घोळ याहून फसवा आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र जोडून किंवा ‘ऍ’ वापरून लिहिले जाई. डोळ्यांना हा फरक जाणवला नाही, तरी शोध घेताना पुस्तक सापडत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील याद्या असतील तर त्या आधी रूपांतरित करून घ्याव्यात.

वर्गीकरणातही एक पेच आहे. ड्युई दशांश पद्धतीत २२० हा बायबलचा आणि २३० हा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा वर्ग. अशा कपाटातील बहुतेक पुस्तके याच दोन-तीन वर्गांत येत असल्याने केवळ आकड्यांनी शोधणे सोपे होत नाही. बायबल-अभ्यास, उपासना व गीते, चरित्रे, मुलांसाठी, मराठी साहित्य असे पाच-सहा विभाग आणि रंगीत पट्ट्या छोट्या संग्रहाला पुरतात.

प्रणालीचे म्हणाल, तर न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० पासून वापरात आलेली ‘कोहा’ ही विनामूल्य असली, तरी ती बसवण्यास जाणकार लागतो. ‘लायब्ररीथिंग’ने छोट्या संस्थांसाठी २०१६ मध्ये ‘टायनीकॅट’ उपलब्ध करून दिली. दोन-तीनशे पुस्तकांना साधा एक्सेल तक्ताही चालतो.

वर्षातून एकदा देवघेव थांबवून पडताळणी करावी. कपाटाच्या क्रमाने छापलेली यादी घेऊन एकाने क्रमांक वाचावेत, दुसऱ्याने खुणा कराव्यात. न सापडलेल्या पुस्तकाची नोंद पुसू नये. ‘गहाळ’ असा शेरा मारावा. ते एखाद्या सभासदाच्या घरी किंवा पाळकांच्या टेबलावर असण्याचा संभव असतो. पुस्तक बाद करण्याचा निर्णय समितीने घ्यावा, संगणकासमोर बसलेल्या एकट्याने नव्हे.

आणखी एक नाजूक बाब. व्यसनमुक्ती, घटस्फोट किंवा मृत्युशोक यांवरील पुस्तक कोणी नेले, हे मंडळीतील इतरांना समजण्याचे कारण नाही. पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव नोंदीतून वगळण्याची सोय असल्यास ती जरूर वापरावी. नोंदींची एक प्रत दरमहा चर्चच्या कार्यालयात ठेवावी आणि परवलीचा शब्द निदान दोघांना ठाऊक असावा. काम पाहणारा सभासद बदली होऊन परगावी गेला, तरी पुढच्या रविवारी कपाट उघडता येते.