दूरस्थ पाठ्यसामग्री आणि शैक्षणिक सचोटी : एक ऐतिहासिक टिपण

ऑनलाइन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांच्या सचोटीची शाश्वती कशी मिळवावी, हा प्रश्न संगणकाने निर्माण केला असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ अध्यापन आणि परीक्षा ह्यांची जी फारकत एकोणिसाव्या शतकात झाली, तिच्यात आहे. प्रस्तुत टिपणात तिचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमनने लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास आरंभ केला. विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत लिहून पाठवी व तो तपासून परत मिळे. पाठ आणि तपासणी ही एकाच पत्रव्यवहाराची दोन अंगे होती.

लंडन विद्यापीठाने १८५८ च्या सनदेने निराळी वाट धरली. वैद्यक वगळता इतर पदवीपरीक्षा कोठेही शिकलेल्या उमेदवारास खुल्या झाल्या. स्त्रियांना मात्र १८७८ पर्यंत थांबावे लागले. घरी अभ्यास करणाऱ्यांवर हे मोठेच उपकार होत. परंतु ह्या उमेदवारांना शिकविण्याचे दायित्व विद्यापीठाकडे उरले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विल्यम ब्रिग्जने १८८७ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली. एच. जी. वेल्स हे तेथे शिकवीत. त्यांचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८९३ मध्ये ह्याच कार्यातून निघाले. अशा पाठांचे लक्ष्य परीक्षा हेच होते, आणि सचोटीचे रक्षण म्हणजे परीक्षादालनातील पहारा, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

ही फारकत मिटविण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने केला. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या ह्या विद्यापीठाचे अध्यापन १९७१ मध्ये सुरू झाले. तेथे पाठ एकट्याने न लिहिता विषयतज्ज्ञ, शिक्षणतंत्रज्ञ व बीबीसीचे निर्माते ह्यांचा गट तो सिद्ध करी, आणि स्वाध्यायांवर शिक्षक सविस्तर अभिप्राय लिहीत. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारा शिक्षण आरंभिले होते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ ह्या व्यवस्थेत ध्वनिचित्र-व्याख्यान, वाचनसामग्री, स्वयंचाचणी आणि चर्चा अशी चार अंगे कल्पिली आहेत. योजना समतोल आहे. पण विद्यार्थिसंख्या हजारोंत गेली की तपासणी यंत्राकडे जाते आणि जुनी फारकत पुन्हा डोके वर काढते.

पहारेकऱ्याचे काम आता शब्दगणनेकडे आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळले आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे थबकावे लागते. ‘मुलांच्या शाळेतल्या पुस्तकांतून’ हे मराठीत तीन शब्द. इंग्रजीत हाच आशय सहा-सात शब्द घेतो. शब्दयोगी अव्यये जोडून लिहिणाऱ्या भाषेत चौदा शब्दांत कितीतरी अधिक मजकूर सामावतो. म्हणजे एकच माप दोन भाषांत सारखे उतरत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून कोणाशीही न जुळणारा, तरीही विद्यार्थ्याचा नसलेला मजकूर क्षणात तयार होतो. साम्य मोजणारे यंत्र तेथे निरुपयोगी ठरते.

तात्पर्य, सचोटीची तजवीज पाठ रचतानाच केली पाहिजे. ‘बोली म्हणजे काय ते लिहा’ ह्या प्रश्नाचे उत्तर कोठूनही उचलता येते. ‘आपल्या घरातील दोन पिढ्यांच्या बोलण्यातील वीस वाक्ये नोंदवून त्यांतील क्रियापदांची रूपे ताडून पाहा, आणि नोंदींविषयी शिक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे द्या’, हा स्वाध्याय उचलणे अवघड, आणि केल्यास विद्याही पदरी पडते. तसेच ज्या पाठात लेखकाने आपले आधार सांगितलेले नाहीत, तो वाचणाऱ्याकडून आधार देण्याची अपेक्षा धरता येत नाही.

ह्या मार्गाला खर्च आहे. वीस वाक्ये वाचणारा कोणीतरी लागतो, आणि वाचणाऱ्यांची संख्या विद्यार्थिसंख्येबरोबर वाढवावी लागते. हा खर्च टाळून केवळ पहारा वाढविणे म्हणजे १८५८ चीच व्यवस्था नव्या साधनांनी चालविणे होय.