८ मे १९९४ : केशवसुत स्मारकाचे उद्घाटन

आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांच्या मालगुंड (जि. रत्नागिरी) या जन्मगावी कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन या दिवशी कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. जतन केलेले जन्मघर, काव्यशिला आणि नंतरच्या कवींचे दालन यांमुळे ते एका व्यक्तीच्या स्मृतीपुरते न राहता कवितेचे विशेष संग्रहस्थान, म्हणजे एकाच वाङ्मयप्रकाराला वाहिलेले स्थान, ठरले, आणि हेच त्याचे खरे मोल होय. असेच केवळ कवितेला वाहिलेले स्वतंत्र ग्रंथालय लंडनमध्ये १९५३ साली सुरू झाले. त्याच वर्षी परभणीचे कवी बी. रघुनाथ निवर्तले. कविता अशा खास स्थानांपुरती न राहता गावोगावी पोहोचायला हवी; म्हणूनच ‘आलाप आणि विलाप’सारखे त्यांचे संग्रह पेडगावसह परभणी जिल्ह्यातील प्रत्येक गावच्या वाचकाला सहज मिळावेत.