फाटकावरची पट्टी

गेल्या मे महिन्यात नातीला घेऊन एका मोठ्या करमणूक उद्यानात गेलो होतो. नात सहा वर्षांची. महिनाभर आधीपासून तिच्या तोंडी एकच शब्द होता, रोलर कोस्टर. उन्हात पाऊण तास रांगेत उभं राहून आम्ही फाटकाशी पोचलो, तर तिथे एक उभी पट्टी आणि तिच्यावर लाल रेघ. डोकं रेघेच्या खाली राहिलं तर गाडीत बसायचं नाही. नातीचं डोकं चार बोटं खाली राहिलं. पट्टीजवळच्या पोराने नम्रपणे मान हलवली. नातीने माझ्याकडे बघून विचारलं, "कायको, नाना?" आमच्या घरात दखनी आणि मराठी अशी मिसळूनच चालते. मी म्हणालो, "बेटा, तुझी उंची वाढली की पुढच्या वर्षी येऊ." तिला ते पटलं. डोळे पुसले गेले आणि प्रकरण आइस्क्रीमवर मिटलं.

मला मात्र त्या रोलर कोस्टरने काही सोडलं नाही. मी शब्दांचा माणूस, त्यामुळे आधी शब्दाच्याच मागे लागलो. गंमत अशी सापडली की फ्रेंच माणूस या खेळाला 'रशियन डोंगर' म्हणतो. स्पॅनिश आणि इटालियन लोकही तेच म्हणतात. मग रशियन काय म्हणतात? तर 'अमेरिकन टेकड्या'! हे वेड आपलं नव्हे, शेजाऱ्याचं, असं प्रत्येकाला वाटतं. आपण मराठीत तेवढीही तसदी घेतली नाही, इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला. 'घसरगाडी' म्हणून पाहिलं, पण घरातच हसं झालं.

आपल्या ओळखीचा आहे तो पाळणा. जत्रेतला, उरुसातला. माणसांनी हाताने फिरवायचा लाकडी पाळणा माझ्या पिढीने पाहिला आहे. हा पाळणाही चांगला जुना. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन प्रवासी १६१५ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, होता. रमजानच्या सणाच्या दिवसांत तिथे मोठा पाळणा लागला होता आणि हा पाहुणा त्यात बसला. वर-खाली जाताना आपल्याला फार मौज वाटली, पण शेजारी बसलेल्या ग्रीक माणसाला ते सोसेना आणि तो 'पुरे, पुरे' असं ओरडू लागला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हाच देल्ला व्हाल्ले पुढे सुरतेला आला आणि गोव्यालाही येऊन गेला. चारशे वर्षं झाली, पण प्रत्येक पाळण्यात तो 'पुरे, पुरे' म्हणणारा अजून बसलेला असतोच. आमच्या गावच्या उरुसात तो मान मामूंचा असे.

पण गोष्ट रोलर कोस्टरची. नावाच्या बाबतीत फ्रेंचांचं म्हणणं खरं आहे. सतराव्या-अठराव्या शतकात रशियात, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, हिवाळ्यात लाकडी उतार उभे करत. उंची सत्तर-ऐंशी फूट. त्यावर पाणी ओतायचं, की रात्रीतून बर्फ तयार. मागच्या बाजूने जिना चढून जायचं आणि घसरगाडीवर बसून खाली यायचं. महाराणी कॅथरीनला हा खेळ उन्हाळ्यातही हवा होता. ओरानिएनबाउम इथल्या तिच्या बागेत रिनाल्दी नावाच्या इटालियन वास्तुशिल्पकाराने चाकांच्या गाड्यांसाठी उतार आणि त्याच्या माथ्यावर एक देखणा मंडप बांधला. उतार केव्हाच मोडला, मंडप अजून आहे. पुढे नेपोलियनच्या लढाया संपल्यावर, १८१७ साली, पॅरिसमध्ये तिकीट लावून असे 'रशियन डोंगर' सुरू झाले. गाडी उडून जाऊ नये म्हणून चाकांचे आस रुळांच्या खाचेत अडकवलेले असत.

अमेरिकेत मात्र हा खेळ राजवाड्यातून आला नाही. तो कोळशाच्या खाणीतून आला.

पेनसिल्व्हेनियात मॉच चंक नावाचं गाव होतं. १८२७ साली तिथे डोंगरावरच्या खाणीतून खाली कालव्यापर्यंत नऊ मैलांची रुळांची वाट टाकली गेली. इंजिन नाही, काही नाही. कोळशाने भरलेले डबे उताराने आपोआप खाली यायचे, अर्ध्या तासात. रिकामे डबे वर ओढायला खेचरं, त्यांना लागायचे तीन-चार तास. ही खेचरं खाली कशी यायची? तर डब्यात बसून, कोळशाच्या मागोमाग! त्यांना या सफरीची इतकी सवय झाली की पुढे ती उतार चालून यायला तयारच होईनात, असं सांगतात. म्हणजे अमेरिकेतल्या रोलर कोस्टरची पहिली शौकीन मंडळी चार पायांची होती. वर चढायचे कष्ट त्यांचेच आणि खाली यायची मौजही त्यांचीच. असा न्याय माणसांच्या वाट्यालासुद्धा क्वचित येतो.

१८७२ नंतर कोळसा बोगद्यातून जाऊ लागला आणि ही जुनी वाट केवळ हौशी प्रवाशांसाठी उरली. लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाला तिथूनच कल्पना सुचली असं मानतात. पायमोजे विणण्याच्या धंद्यातला हा माणूस भाविक होता, चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारा. दारूचे गुत्ते आणि तसल्या जागांपासून लोकांना दूर न्यायचं, तर त्यांना स्वच्छ करमणूक दिली पाहिजे, हा त्याचा ध्यास. १८८४च्या जूनमध्ये त्याने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकाठी आपली गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. सहा मैल! आपली सायकलसुद्धा त्याहून जोरात जाते. बाकं आडवी ठेवलेली, म्हणजे प्रवाशांनी समुद्र बघावा. एका टोकाला सगळ्यांनी उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलून दुसऱ्या मचाणावर चढवायची आणि मग परतीचा प्रवास. तरी लोकांनी रांगा लावल्या.

पुढची शर्यत मग भीती वाढवण्याची होती. १८९५ साली कोनी आयलंडवरच माणसाला पुरतं उलटं करणारी गाडी आली, 'फ्लिप फ्लॅप'. तिचं वर्तुळ कंपासने काढावं तसं गोल होतं आणि तिथेच चूक होती. वेगाने आलेली गाडी सरळ रुळावरून एकदम गोलाईत शिरली की माणूस बाकात दाबला जायचा, वजनाच्या बारापट दाब येत असे असं सांगतात. माना लचकू लागल्या आणि गाडी बंद पडली. १९०१ साली लंबगोल आकाराची दुसरी गाडी आली. ती बरी होती, पण तिच्यात बसणाऱ्यांपेक्षा तिकीट काढून बघणारेच जास्त, असं म्हणतात. खरं उत्तर सापडायला १९७६ साल उजाडलं. अँटन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडीने कॅलिफोर्नियात उभ्या केलेल्या गाडीचा फेरा पाण्याच्या थेंबासारखा आहे, खाली ऐसपैस आणि वर आवळत गेलेला. वेग जास्त असतो तिथे वळण सौम्य, वेग कमी होतो तिथे घट्ट. मान शाबूत राहते.

आणि गाडी चढणीवर असताना येणारा तो 'कट कट कट' आवाज? नातीने तो दुरून ऐकला आणि घरी येऊन दिवसभर तोंडाने काढला. तो आवाज रुळाखालच्या दातेरी पट्टीवर अडकत जाणाऱ्या खुंटीचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती असते. जॉन मिलर या कारागिराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही सोय केली. १९१९ साली त्यानेच रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं. वर चाक, खाली चाक, मध्ये रूळ, त्यामुळे गाडी उडायची म्हटली तरी उडू शकत नाही. छातीत धडकी भरवणारा तो आवाज मुळात रखवालदाराचा आहे.

कोनी आयलंडची एक हकीकत वाचून मात्र मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. तिथल्या लूना पार्कमध्ये, पाळणे आणि हत्तींच्या खेळांच्या शेजारी, १९०३ सालापासून एक दालन होतं. तिकीट काढून आत गेलं की काचेच्या पेट्यांची रांग दिसे आणि प्रत्येक पेटीत दिवस भरण्याआधी जन्मलेलं एकेक बाळ. जिवंत बाळ. पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या डॉक्टरने प्राणिसंग्रहालयात अंडी उबवायची पेटी पाहिली होती आणि १८८० साली तशीच पेटी बाळांसाठी करवून घेतली होती. पण अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांकडे अशी सोय नव्हती. अशी बाळं जगायची नाहीत, असं धरूनच चालत. मार्टिन कूनी या माणसाने ती पेटी जत्रेत आणली. दाई, परिचारिका, ऊब, दूध, सगळा खर्च बघ्यांच्या पंचवीस सेंटांतून निघायचा. आईबापांकडून तो पैसा घेत नसे. बाळ कोणत्या वंशाचं, हेही विचारत नसे. खुद्द त्याची मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली, तीही अशाच पेटीत वाढली. एक परिचारिका प्रेक्षकांसमोर आपल्या बोटातली अंगठी काढून बाळाच्या मनगटात चढवून दाखवत असे. आपल्या तान्हुल्याच्या हातावर अंगठीचं कडं, ही कल्पना करून बघा.

१९११ साली शेजारचं ड्रीमलँड जळून खाक झालं. आग लागली ती 'नरकाचं द्वार' नावाच्या राइडमध्ये, दुरुस्तीसाठी तापवलेल्या डांबरामुळे. तिथेही कूनीच्या पेट्या होत्या. बाळं दगावली अशी बातमी आधी पसरली, पण सगळी सुखरूप बाहेर काढली गेली होती. हा कूनी खरोखर डॉक्टर होता का? त्याची पदवी अभ्यासकांना सापडलेली नाही. तशी सोय असलेली शाखा न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात सुरू झाली आणि १९४३ साली त्याने आपलं दालन बंद केलं. त्याच्या हिशेबाने आठ हजारांपैकी सुमारे साडेसहा हजार बाळं वाचली. जिवंत बाळांचं प्रदर्शन मांडणं बरं की वाईट, यावर मी घरात वाद घालून पाहिला. माझी लेक, म्हणजे नातीची आई, दोनच शब्द बोलली, "वाचली ना?" तिथे वाद संपला.

आता पुन्हा फाटकाशी येतो. त्याच अमेरिकेत अनेक उद्यानांच्या फाटकावर आणखी एक पट्टी होती. ती उंची मोजत नव्हती, कातडीचा रंग बघत होती. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कमध्ये काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे काही विद्यार्थी आत शिरले आणि लाकडी घोड्यांच्या फिरत्या पाळण्यावर जाऊन बसले. त्यांच्यातल्या एकाला पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, तुझा वंश कोणता? त्याने उत्तर दिलं, मानववंश. ही सवाल-जबाबाची ध्वनिफीत एका रेडिओ बातमीदाराने तिथेच उभं राहून टिपली, म्हणून आज आपल्यापर्यंत पोचली. रेडिओवर बोलताना याचा अभिमान वाटणं साहजिक आहे. पाच जणांना अटक झाली. उन्हाळाभर फाटकाबाहेर निदर्शनं चालली, जवळच्या वस्तीतले गोरे रहिवासीही त्यांत उभे राहिले. १९६१च्या हंगामात ते फाटक सर्वांसाठी उघडलं. अटक झालेल्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती १९६४ साली.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मोठमोठ्या अन्यायांच्या यादीत त्यांनी एका करमणूक उद्यानाचा उल्लेख केला आहे. टेलिव्हिजनवर त्याची जाहिरात पाहून सहा वर्षांची मुलगी तिथे जाऊ म्हणते, आणि तुला तिथे का जाता येत नाही हे सांगताना बापाची जीभ अडखळते. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. ते उद्यान अटलांटाचं होतं, फनटाउन. आयुष्यभर हजारोंच्या सभा हलवणारा वक्ता एका सहा वर्षांच्या पोरीपुढे निरुत्तर झाला. मला नातीचं 'कायको, नाना?' आठवलं. माझ्यापाशी निदान 'पुढच्या वर्षी' हे उत्तर होतं. त्यांच्या मुलीची उंची कितीही वाढली असती, तरी ती पट्टी तिथेच राहिली असती.

त्याच वर्षी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, किंग वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोकांपुढे बोलत होते. नेमक्या त्याच दिवशी तिथून तासाभराच्या वाटेवर, बाल्टिमोरच्या ग्विन ओक उद्यानाने आपला नियम मागे घेतला. त्याआधी तिथेही वर्षानुवर्षं निदर्शनं आणि अटका झाल्या होत्या. त्या दिवशी आत गेलेल्या पहिल्या काळ्या मुलाबाळांत एक मुलगी होती, अजून वर्षाचीही न झालेली. वडिलांनी तिला फिरत्या पाळण्यातल्या लाकडी घोड्यावर बसवलं आणि पडू नये म्हणून धरून ते शेजारी उभे राहिले. आजूबाजूच्या घोड्यांवर गोरी मुलं होती. पुढे ते उद्यान बंद पडलं. घोड्यांचा तो पाळणा १९८१ साली वॉशिंग्टनला नेला आणि किंग जिथे बोलले होते त्याच लांबलचक हिरवळीच्या कडेला बसवला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)